राउटर भिंतीकडे सरकत असल्याबाबत

नाव : वेगळ्या कागदावर लिहून घेतले आहे. गल्लीत टेपबाई म्हणून ओळख.
वय : साठीच्या आत.
व्यवसाय : शिवणकाम व घरबसल्या इंटरनेटवरून शिवणवर्ग.
पत्ता : जोडघर, डावी बाजू. उजवी बाजू मोठ्या दिरांची.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, कोणी धाक न घालता व कोणी शिकवल्याशिवाय, जबाब लिहून देते की, वरील पत्त्यावर मी माझ्या पतींसह राहते. गळ्यात कायम मापाची टेप असल्यामुळे मला टेपबाई म्हणतात. या नावाचे दुसरे कारण कोणी सांगितल्यास ते खोटे समजावे. पतींचे घड्याळदुरुस्तीचे दुकान होते. ते बंद केल्यापासून ते घरी असतात आणि घरातली चांगली चालणारी घड्याळे उघडून बघतात. आम्हाला एक मुलगी असून ती लग्नानंतर परगावी राहते.

काही दिवसांपूर्वी मी याच ठाण्यात येऊन तोंडी तक्रार दिली होती की, आमचे घरचे इंटरनेट कोणी अनोळखी इसम चोरून वापरत आहे. त्या तक्रारीवरून आज दुपारी हवालदारांनी माझ्या मोठ्या दिरांना त्यांच्या घरातून येथे आणले आहे. दिरांनी चोरी कबूल केली आहे. त्यांचे नाव चोर म्हणून नोंदीत चढवायचे की नाही ते माझ्या या जबाबावर ठरेल, असे मला साहेबांनी सांगितले. उभ्या आयुष्यात ज्यांच्याकडे कोणी बोट दाखवले नाही, अशा माणसाचा प्रश्न आहे. म्हणून मी पहिल्यापासून सांगते. लिहून घेणारे हवालदार "थोडक्यात सांगा, काकू" असे म्हणाले. थोडक्यात सांगितले म्हणूनच ही वेळ आली आहे, असे मी त्यांना सांगितले.

माझे पती व मोठे दीर हे सख्खे भाऊ असून दुकान दोघांचे होते. एकाच टेबलावर समोरासमोर बसून दोघांनी जन्म काढला. एक स्क्रू खाली पडला तर दोघे मिळून शोधत व एकमेकांना बोल लावत. आमच्या मुलीच्या लग्नात घरच्या सगळ्यांचा फोटो काढायचा होता, तेव्हा दीर मागच्या बाजूला पंगतीकडे बघत होते. फोटो निघाला आणि त्यात दीर नाहीत. पतींचे म्हणणे, "मी दादाला हाक मारली होती." दिरांचे म्हणणे, "मला हाक ऐकू आली नाही, म्हणजे मारलीच नाही." पती म्हणाले, मला खोटा ठरवतोस काय, आता यापुढे तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही. दीर म्हणाले, नको बोलूस. मांडव उतरला, मुलगी सासरी गेली, तिला मूल झाले, पण या दोघांचे बोलणे काही सुरू झाले नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभही शाबूत होता.

माझ्या जाऊबाई वारल्या तेव्हा पती तिकडेच होते. डॉक्टर आणणे, माणसे बोलावणे, भावाला घोटभर चहा पाजणे, सगळे त्यांनी केले. पण बोलले नाहीत. चहाचा कप पुढे केला आणि उभे राहिले. मला त्या वेळी दोघांचाही फार राग आला होता आणि वाईटही वाटले होते. हे तक्रारीत बसत नाही असे हवालदार म्हणाले, तरी ते राहू द्यावे.

आता इंटरनेटबद्दल. माझा शिवणवर्ग दुपारी चारच्या सुमारास असतो. मी आतल्या खोलीत मशीनपाशी मोबाइल उभा करून शिकवते. राउटर बाहेरच्या खोलीत भिंतीवरच्या लांब फळीवर असतो. फळीचे एक टोक माझ्या खोलीच्या दाराशी आहे आणि दुसरे टोक दिरांच्या व आमच्या सामाईक भिंतीला टेकते. त्या टोकाशी लोखंडी कपाट आहे. राउटर माझ्या दाराच्या टोकाशी मी स्वतः बसवून घेतला होता. हवालदार प्रत्येक वेळी "सदर राउटर" असे लिहीत आहेत. आमच्या घरात त्याला एवढा मान अजून कोणी दिला नव्हता.

अलीकडे असे होऊ लागले की, वर्ग रंगात आला की नेट जाई. मी कॉलर कापायला कात्री उचलावी आणि समोरच्या सगळ्या बायका तोंडे उघडी टाकून थिजून जाव्यात. पुन्हा नेट येईपर्यंत कोणी कॉलर उलटी कापलेली, कोणी कंटाळून गेलेली. काहींनी वर्ग सोडला. मी रागाने बाहेर येऊन बघावे तो राउटर आपल्या जागी, सगळे दिवे हिरवे, आणि शेजारी पती फडक्याने धूळ पुसत उभे. संसारात या माणसाने कधी स्वतःच्या ताटाखालचे पुसले नाही. पण म्हातारपणी का होईना वळण लागले, असे समजून मी खूश झाले. ही माझी चूक.

मी कंपनीला फोन केला. त्यांनी सांगितले, राउटर बंद करून चालू करा. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मुलीने फोन उचलला, तिनेही तेच सांगितले. ताप, खोकला, पोटदुखी, सगळ्यावर एकच गोळी देणारा डॉक्टर आमच्या लहानपणी होता, त्याची आठवण झाली. शेवटी कंपनीचा वायरवाला आला. त्याने वायर काढून घातली, मोबाइलवर वेग मोजला आणि म्हणाला, "मॅडम, लाइन एकदम ओके आहे. तुम्हीच काहीतरी हलवत असाल." मी त्याला म्हटले, "मी माणसे हलवते, राउटर नाही." तो घाईने निघून गेला. पती त्या वेळी खिडकीतून बाहेर बघत होते.

मग मुलीने फोनवरून मला शिकवले की, मोबाइलमध्ये राउटरचे पान उघडता येते आणि त्यावर कोणकोणती यंत्रे जोडलेली आहेत ते दिसते. मी ते पान उघडले. माझा मोबाइल होता, पतींचा होता आणि तिसरे एक यंत्र होते. त्याला नाव नव्हते, नुसते आकडे आणि अक्षरे. ते वर्गाच्या वेळी येई व वर्ग संपायच्या आत जाई. मुलगी म्हणाली, "आई, पासवर्ड बदल." मी पासवर्ड बदलला आणि पतींनाही सांगितला नाही. त्यांच्या मोबाइलात मी स्वतः घालून दिला, तेव्हा त्यांना तोंड फिरवायला लावले. तरी दुसऱ्या दिवशी ते यंत्र हजर. मुलगी म्हणाली, "आता त्याला सरळ बंद करून टाक, त्याच पानावर करता येतं." मी नाही म्हटले. बंद केले असते तर चोर गेला असता, पण सापडला नसता, आणि मला तो पाहायचा होता. त्याच दिवशी मी ठाण्यात येऊन तक्रार दिली.

याच काळात भिंतीतून टकटक असा आवाजही येई. मी पतींना विचारले. ते म्हणाले, उंदीर असेल. मी पिंजरा लावला. उंदीर आला नाही, खोबऱ्याचा तुकडा मात्र पतींनी खाल्ला.

काल मला आणखी एक युक्ती सुचली. कापड कापताना आम्ही खडूने खूण करतो. त्याच खडूने मी राउटरच्या भोवती फळीवर रेघ ओढली. माझी रेघ सरळ असते आणि सहज पुसली जात नाही. आज सकाळी पाहते तो राउटर रेघेच्या बाहेर आलेला, एक कोपरा वीतभर भिंतीकडे. म्हणजे राउटर चालत होता. त्याला पाय नाहीत, त्यामुळे घरात पाय कोणाला आहेत ते मी मोजले. मी आणि पती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे माझे झाले होते.

आज वर्ग सुरू केला, बायकांना बाही जोडायला सांगितली आणि पायांतल्या चपला काढून हळूच दाराशी आले. पाहिले ते असे. राउटर फळीच्या दुसऱ्या टोकाला, लोखंडी कपाटाच्या मागे. माझ्या खोलीत नेट का येत नाही ते तिथेच कळले, कारण मध्ये लोखंड उभे. पती स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसलेले. हातात मोबाइल, त्यावर बुद्धिबळाचा पट. पलीकडून भिंतीवर टकटक झाली. पतींनी मान डोलावली, घोडा पुढे टाकला आणि हसले. असे हसताना मी त्यांना दुकान बंद झाल्यापासून पाहिले नव्हते.

मी म्हटले, "अहो, उंदीर चांगला खेळतो का?"

ते स्टुलावरून पडता पडता वाचले. नंतर त्यांनी मला जे सांगितले ते असे. जाऊबाई गेल्यावर दीर दिवसभर घरात एकटे बसत. पूर्वी दुकानात गिऱ्हाईक नसले की हे दोघे बुद्धिबळ खेळत. दिरांकडे त्यांच्या मुलाने पाठवलेला एक जुना टॅब होता, पण इंटरनेट नव्हते. ते घ्यायचे तर वायर दोन्ही घरांना जोडणाऱ्या सज्ज्यावरून, आमच्या दारापुढून न्यावी लागते, त्यासाठी विचारावे लागते, आणि विचारायचे म्हणजे बोलावे लागते. एके दिवशी दिरांनी तो टॅब सज्ज्याच्या कठड्यावर ठेवला आणि आत गेले. पतींनी तो उचलला, आपल्या नेटला जोडला, बुद्धिबळ चालू करून दिले आणि परत कठड्यावर ठेवला. कोणी कोणाला काही विचारले नाही. मी पासवर्ड बदलल्यावर टॅब पुन्हा कठड्यावर आला. राउटरच्या मागे एक बारीक बटण असते, ते दाबले की थोडा वेळ पासवर्डशिवाय यंत्र जोडता येते. ते पतींनी शोधून काढले. बारीक वस्तू उघडायची खोड कुठे जाणार? भिंत जाड, टॅब जुना, म्हणून राउटर रोज भिंतीकडे न्यावा लागे आणि माझी चाहूल लागली की परत आणून त्यावर फडके फिरवावे लागे. भिंतीवरची टकटक म्हणजे, तुझी पाळी आहे, लवकर खेळ.

मी विचारले, "म्हणजे तुम्ही बोलता भावोजींशी?"

पती म्हणाले, "छे! एक अक्षर नाही. शब्द दिलाय मी. नुसतं खेळतो."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, एवढं खेळता तर जाऊन बोला की."

मी हेच म्हणाले असते, हे खरे आहे. मला राग आला होता तो तिथल्या तिथे उतरला. आत माझ्या विद्यार्थिनी बाह्या कुठे जोडत होत्या देव जाणे. मी त्या स्टुलाशेजारी उभी राहून पट बघत होते. मला बुद्धिबळातले काही कळत नाही, पण पतींचा डाव वाईट असावा, कारण ते मोबाइल लपवत होते.

तेवढ्यात बाहेर आवाज झाला. तक्रारीच्या चौकशीला आलेले हवालदार हातात मोबाइल धरून, नेट कुठपर्यंत पोचते ते बघत सज्ज्यात फिरत होते. दिरांच्या दाराशी त्यांना ते भरपूर मिळाले. दार उघडे होते. आत म्हातारा माणूस भिंतीकडे तोंड करून, टॅब मांडीवर घेऊन बसलेला आणि भिंतीवर टकटक करतोय, हे पाहून त्यांना संशय आला. कोणालाही आला असता. त्यांनी विचारले, "हे नेट कोणाचं?" दीर म्हणाले, "शेजारच्यांचं." "कोणी दिलं?" दीर म्हणाले, "कोणी नाही. मीच घेतलं."

आम्ही दारात येईपर्यंत हवालदार दिरांना घेऊन निघाले होते. दिरांनी पायांत बूट घातले होते, शर्टाची वरची गुंडी लावली होती आणि टॅब पिशवीत नीट ठेवला होता. त्यांनी आमच्याकडे बघितलेही नाही. ते का, हे मला तेव्हाच समजले. त्यांनी पतींचे नाव घेतले असते तर पती माझ्यापुढे चोर ठरले असते, असे त्यांना वाटत होते. मी सगळे पाहून बसले आहे हे त्यांना माहीत नव्हते. ज्या भावाने फोटोला बोलावले नाही असे ते म्हणत, त्याच भावासाठी ते चोर व्हायला निघाले होते. मला दारात उभ्या उभ्या रडू आले. मी वर्ग तसाच टाकून, गळ्यात टेप तशीच ठेवून, पतींसह मागोमाग ठाण्यात आले.

येथे बाहेरच्या बाकावर एका टोकाला दीर व दुसऱ्या टोकाला पती बसले. मध्ये सायकल हरवल्याची तक्रार द्यायला आलेला एक अनोळखी गृहस्थ बसला होता. त्याने एकदा इकडे पाहिले, एकदा तिकडे पाहिले आणि उठून उभा राहिला. साहेबांनी बाहेर येऊन दिरांना विचारले, "काका, कबूल करताय ते ठीक. पण जोडलं कसं? पासवर्ड कुठून मिळाला?"

दीर म्हणाले, "अंदाजानं."

"काय होता पासवर्ड?"

दिरांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "इंग्रजीत होता."

साहेबांनी लिहून घेणाऱ्या हवालदारांकडे पाहिले व म्हणाले, "ठीक आहे. कबुली आहे, नाव लिहा."

तेव्हा माझे पती उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. माझ्याशी भांडतानासुद्धा ते आवाज चढवत नाहीत, पण त्या वेळी ते असे ओरडले की आतल्या खोलीतले कर्मचारी बाहेर आले. ते म्हणाले, "दादा! कशाला खोटं बोलतोस? तुला वायफाय चालू तरी करता येतं का?"

सायकलवाल्या गृहस्थाने टोपी काढली. दिरांनी मान वर करून पतींकडे पाहिले. मुलीच्या लग्नानंतर ते पहिल्यांदाच त्यांच्याकडे असे सरळ बघत होते. मग ते म्हणाले, "ऐकू आलं मला. ओरडतोस कशाला, छोट्या?"

पती दिरांच्या शेजारी जाऊन बसले. साहेबांनी मला आत बोलावले आणि जबाब सुरू झाला.

तरी माझे म्हणणे असे की, माझे इंटरनेट चोरीला गेलेले नाही. ते माझ्या पतींनी त्यांच्या सख्ख्या भावाला दिले आहे. कुंपणानेच शेत खाल्ले, पण कुंपण माझे आणि शेतही माझे, त्यात ठाण्याने पडू नये. माझी माझ्या दिरांविरुद्ध काहीही तक्रार नाही. त्यांचे नाव कोणत्याही नोंदीत चढवू नये. चढवलेच तर माझेही चढवावे, कारण राउटरचे बिल त्यांच्या भावाच्या नावावर आहे आणि राग माझ्या नावावर.

माझी तक्रार आहे ती पतींविरुद्ध. माझ्या वर्गाच्या वेळी राउटर जागेवरून हलवणे, खोटी धूळ पुसणे व उंदराचे खोबरे खाणे. याची दखल मी घरी घेईन. उद्यापासून राउटर खडूच्या रेघेच्या आत राहील. तिथून भिंतीपलीकडे नेट पोचत नाही. ज्यांना बुद्धिबळ खेळायचे असेल त्यांनी टॅब घेऊन सज्ज्यातून आमच्या दारातून आत यावे आणि बाहेरच्या खोलीत समोरासमोर बसावे. वर्ग चालू असेपर्यंत कोणी मोठ्याने बोलू नये. हे मी साहेबांसमोर सांगते, म्हणजे दोघांनाही ते कायद्याने कळेल.

वरील जबाब लिहून झाल्यावर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. बाहेर बाकावर वजीर कोणी आधी गमावला यावरून दोघा भावांचा आवाज चढल्यामुळे मला काही ऐकू आले नाही, म्हणून तो पुन्हा वाचावा लागला. साहेब त्यांना गप्प करायला उठले होते, पण मी त्यांना थांबवले. दुसऱ्यांदाही नीट ऐकू आला नाही. तरी तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.